मोगऱ्याचा ताण

आत्याला राग येत नसे. आत्या रागातच असे. मधूनमधून तो जरा उतरायचा, एवढंच. लहानपणी दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं, आणि केस पांढरे झाले तरी तो तिला 'ठिणगे' अशीच हाक मारायचा. बाकी सगळ्यांची ती आत्या. भाच्याची आत्या, भाचेसुनेची आत्या, आणि ज्या औषधांच्या दुकानात तिने उभ्याने आयुष्य काढलं, त्या दुकानाच्या मालकाचीसुद्धा आत्याच.

दुकानात ती काउंटरवर असायची. कुठल्याही डॉक्टरचं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर तिला लागायचं. औषध पुढ्यात ठेवताना ती ते कसं घ्यायचं हे सांगायची, आणि सांगण्याचा सूर असा असायचा, की समोरचा माणूस आजारी पडून काही गुन्हा करून आलाय.

"सकाळी एक, रात्री एक. पोटात काहीतरी घालून. आणि लवकर बरं वाटावं म्हणून दोन-दोन घेऊ नका. दुप्पट घेतलं म्हणजे निम्म्या वेळात बरं होतं का? होतं का? सांगा ना!"

माणूस मुकाट्याने मान हलवायचा.

तरी लोक तिच्याकडेच यायचे. आणि गंमत अशी, की निम्मे लोक औषधाला यायचेच नाहीत. पर्समधून, रुमालातून, डब्यातून पानं घेऊन यायचे. पिवळी, भोकं पडलेली, गुंडाळलेली. आत्याच्या घराच्या मागच्या गॅलरीत कुंड्यांची दाटी होती आणि तिथला मोगरा फुलला, की खालून जाणारा माणूस मान वर करायचा. त्यामुळे फुलझाडांचा दवाखानाही त्याच काउंटरवर चालायचा.

"आत्या, गुलाबाच्या पानांवर पांढरी पूड बसलीय हो."

"पूड नाही ती, बुरशी. कुंडी भिंतीला खेटून ठेवलीय ना? आणि संध्याकाळी वरून पानांवर पाणी मारता?"

"हो, धूळ जावी म्हणून..."

"म्हणजे रात्रभर ओल्या कपड्यात झोपवता त्याला. वर वारा नाही. तुम्हाला झोपवलं तर काय होईल? पाणी सकाळी, आणि मुळाशी. ती पानं काढून टाका. पुढचं कोण?"

पुढच्या बाईंच्या जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळत होत्या.

"कुंडी जागची हलवता का?"

"पाहुणे आले, की दारात आणून ठेवते. शोभा येते ना."

"आणि पाहुणे गेले, की परत आत. छान. तुम्हाला कोणी भरल्या ताटावरून सारखं उठवून दुसऱ्या खोलीत बसवलं, तर अंगी लागेल का जेवण? एका जागी राहू द्या तिला. पाहुण्यांना हलवा."

बोलणी खाऊन लोक खूश होऊन जायचे, कारण झाड सुधारायचं. मालक गल्ल्यामागून हसायचा. "आत्या, पेशंटशी गोड बोलावं जरा." त्यावर आत्या म्हणायची, "गोड बोलायला खोकल्याचं औषध आहे ना दुकानात."

पण या सगळ्या दिवसांत तिच्या घरी जे चाललं होतं, ते मात्र तिने काउंटरवर कुणाला कळू दिलं नाही.

घर दादाचं. म्हणजे आईवडिलांचं होतं, ते जाता जाता दादाचं झालं आणि आत्या त्यात होती तशीच राहिली. तिने लग्न केलं नाही. का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. एक खोली दादा-वहिनींची, एक भाचा आणि भाचेसुनेची. आत्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायची. तिचे कपडे वहिनीच्या कपाटाच्या खालच्या खणात, पुस्तकं टीव्हीखाली. बोट ठेवून माझं म्हणावं अशी त्या घरात एकच जागा होती, ती म्हणजे मागची गॅलरी. तिथे खुरपं तिचं, झारी तिची, एक मोडक्या पाठीची खुर्ची तिची. दुकानातून आली, की पाय धुऊन ती तडक तिथे जायची आणि गॅलरीचं दार लोटून घ्यायची. तेवढा वेळ घरातलं कुणी तिला हाक मारत नसे.

आणि त्या गॅलरीवरच घाला आला.

भाचेसुनेचं काम घरून चालायचं. दिवसभर कानाला यंत्र लावून ती परक्या माणसांशी बोलायची, आणि आतल्या खोलीत नवरा रात्रपाळी करून झोपलेला असल्यामुळे बिचारी कधी स्वयंपाकघरात, तर कधी चक्क न्हाणीघरात स्टूल टाकून बसायची. एकदा तिच्या साहेबाने बोलता बोलता विचारलं, "तुमच्याकडे धबधबा आहे का?" त्या दिवशी रात्री जेवताना दादाने विषय काढला.

"मी म्हणतो, मागची गॅलरी काच लावून बंद करू. सुनेला खोली होईल."

आत्याचा घास हातातच राहिला. "आणि माझी झाडं?"

"आता झाडं अशी राहिलीत किती? गुलाब गेला. शेवंती गेली. मोगऱ्याला गेल्या वर्षी मोजून चार फुलं. मला वाटतं, तुझ्याच्याने होत नाही आता."

खरं तर गेल्या वर्षी आत्या पाय मोडून पडली होती आणि झाडांकडे बघायला कुणी नव्हतं, हे दादालाही माहीत होतं. पण तो बोलून गेला. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"होत नाही? माझ्याच्याने? या वर्षी मोगरा फुलला तर?"

दादाही त्याच आईचा मुलगा. "फुलला तर गॅलरी तुझी. कोणी हात लावणार नाही. नाही फुलला तर स्लायडिंगवाल्याला बोलावतो."

"बोलाव. पण आधी मोगरा बघ," असं म्हणून आत्या ताट घेऊन उठली.

आता मोगऱ्याची एक रीत असते. थंडी सरत आली, की त्याचं पाणी बंद करायचं. अगदी बंद. पानं मलूल होतात, माना टाकतात, पिवळी पडून गळतात. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. पण झाड आत जीव एकवटत असतं. मग फांद्या छाटायच्या, माती मोकळी करायची, खत घालायचं आणि शेवटी पोटभर पाणी द्यायचं. की फांदीफांदीला कळ्या फुटतात. या उपाशी ठेवण्याला म्हणतात ताण देणं. ताण नीट बसला तर फुलं. मधेच मोडला तर नुसता पाला.

थंडी सरतच आली होती. आत्याने दुसऱ्याच दिवशी पाणी तोडलं. फोनवर एका मैत्रिणीला तिने ठसक्यात सांगितलंसुद्धा, "मोगऱ्याला ताण दिलाय. आता बघच तू!" बाहेरच्या खोलीत दादा पेपर वाचत होता, वहिनी भाजी निवडत होती. दोघांनी ते ऐकलं.

आणि मोगरा बिनसायला लागला.

मलूल व्हायला हवा होता तेव्हा तो टवटवीत दिसायला लागला. आत्याने मातीत बोट खुपसलं. ओली! पेर बुडेपर्यंत ओली.

"पाणी कुणी घातलं?" गॅलरीच्या दारात उभी राहून तिने असा आवाज दिला, की शेजारच्या गॅलरीतलं कबुतर उडालं. "खरं सांगा. कुणी घातलं?"

"मी नाही बाई," वहिनी कढईतून मान वर न करता म्हणाली.

"मी कशाला घालू?" दादाने पेपर तोंडापुढे धरला.

भाचेसून कानातलं यंत्र दाखवून हाताने नाही म्हणाली. भाचा झोपला होता.

आता घरातला माणूस आत्यासमोर खोटं कशाला बोलेल, असं कुणी विचारील. पण तो आवाज एकदा ज्याने ऐकला, त्याला ते विचारावं लागणार नाही.

मग पाणी वरून येत असणार. वरच्या मजल्यावर एकटे मास्तर राहायचे. त्यांच्या कठड्यावर हिरव्यागार कुंड्यांची रांग होती. आत्या चपला न घालताच जिना चढली.

"मास्तर, तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या मोगऱ्यात गळतंय! माणसाला झाडं लावायची हौस असावी, पण खालच्याच्या डोक्यावर नसावी. खाली ताटल्या ठेवायला काय होतं?"

मास्तर चष्मा पुसत ऐकून घेत होते. ती दम घ्यायला थांबली तेव्हा ते हळूच म्हणाले, "आत्या, माझी झाडं प्लास्टिकची आहेत."

आत्याने जवळ जाऊन पान चिमटीत धरलं. प्लास्टिकच. धूळसुद्धा होती त्यावर.

"मग निदान पुसत तरी जा!" असं म्हणून ती खाली आली. राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला, कारण आता तो उतरवायला माणूसच उरला नव्हता.

पुढे तर सगळंच फिसकटलं. पानं पिवळी पडली, पण ताणाची पिवळी वेगळी. ती वाळून, कुरकुरीत होऊन गळतात. ही ओली, लिबलिबीत. मातीवर बारीक माश्या उडायला लागल्या. बुंध्याशी मुंग्यांची रांग, आणि मुंग्यांमागोमाग फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके. पिठ्या ढेकूण. दुकानात हेच दुखणं घेऊन कोणी आलं असतं, तर आत्या ताडकन म्हणाली असती, "आधी मुंग्या कशाला येतात ते बघा. त्या किडीचं गोड चाटतात आणि तिला फांदीफांदीवर पोचवतात. गोड कुठनं मिळतंय त्यांना?" पण घरच्या झाडापुढे तिला काही सुचेना. ती साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून एकेक बेचकं पुसत बसायची आणि दात-ओठ खायची. मनात तिने गुन्हेगार केव्हाच ठरवला होता. दादा! त्याला गॅलरी हवी आहे. तोंडाने पैज लावायची आणि पाठीमागून झाड मारायचं. सख्खा भाऊ! ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. मीठ हवं असलं तरी वहिनीला सांगायची, "त्यांना सांग, मिठाची बरणी इकडे करा म्हणावं." बरणी दादाच्या हातातच असायची.

दादा तिच्याकडे बघायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. एका संध्याकाळी मिटलं नाही. कळी एकही नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. "उद्या दुपारी स्लायडिंगवाला माप घ्यायला येतोय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "नुसतं माप."

दुसऱ्या दिवशी दुकानातली वीज गेली. औषधांचा फ्रीज बंद, बिलाचं यंत्र बंद. मालकाने शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही जा घरी." आत्या भर दुपारी घरी आली. आत्या यावेळी घरी येते, हे त्या घराला माहीत नव्हतं.

चपला काढल्या आणि ती तशीच थांबली. गॅलरीचं दार उघडं होतं.

आत दादा होता. बनियनवर, गुडघे धरून मोगऱ्यासमोर बसलेला. हातात त्याचा स्वतःचा पेला, उकळून गार केलेल्या पाण्याचा. डॉक्टरांनी त्याला तेच पाणी सांगितलं होतं. तो ते थेंबथेंब मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतत होता.

आत्याने तोंड उघडलं. पण तिच्या आधी स्वयंपाकघरातून वहिनी पातेलं घेऊन आली. भाजी धुतलेलं पाणी. दादाला बघून ती दचकली. "तुम्ही इथे काय करताय?"

"तू काय करतेयस?"

"मी... रोज दुपारी जरासं..."

तेवढ्यात आतून भाचेसून आली. कानाला यंत्र, हातात गार झालेला चहाचा कप. सवयीने ती सरळ कुंडीकडे वळली, कप कलता केला आणि मग तिला कळलं, की तिथे आधीच दोन माणसं आहेत आणि बाहेरच्या दारात तिसरं उभं आहे. "सर, मी पाच मिनिटांत फोन करते," ती पुटपुटली आणि कानातलं काढलं.

"सगळे," आत्या म्हणाली. आवाज इतका बारीक होता, की तिघंही घाबरले. "सगळे मिळून. सकाळी कोण घालतं?"

"सकाळीही मीच," दादा म्हणाला. "एक पेला. जास्त नाही."

"दुपारी मी," वहिनी म्हणाली. "वन्सं, मला वाटलं तुम्ही बंद केलं म्हणजे कुणीच घालत नाही."

"आणि मी फक्त चहा," भाचेसून म्हणाली. "कुठेतरी वाचलं होतं, चहा झाडांना चांगला."

"दूध-साखर घातलेला? मुंग्यांना चांगला!" आता आवाज नेहमीच्या जागी आला. "म्हणून मुंग्या. म्हणून कीड. मी विचारलं तेव्हा बोलायला काय झालं होतं? तिघांची तिन्ही तोंडं काय शिवली होती?"

"तू विचारलंस कुठे," दादाही आता उसळला. "तू आरोळी ठोकलीस! तूच म्हणालीस फोनवर, मोगऱ्याला ताण दिलाय. ताण! मला डॉक्टर काय म्हणाले? दादासाहेब, ताण माणसाला आतून खातो. मला वाटलं, मी गॅलरीचं बोललो म्हणून तू माझ्यावरचा राग त्या झाडावर काढतेयस. रागाने उपाशी मारतेयस त्याला. माझं जेवण जाईना! गॅलरीवरून एक झाड मारलं मी, असं झालं मला."



"रागाने?" आत्या म्हणाली. "अरे, मी रागाने जे करते ते तोंडाने करते. हाताने नाही. इतकी वर्षं एका घरात काढलीस, एवढं कळलं नाही तुला? ताण देणं म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं! दर वर्षी देते मी!"

"आम्हाला काय माहीत? तू कधी सांगितलंस?"

हे मात्र खरं होतं. काउंटरवर परक्या माणसांना ती पानापानाचं सांगायची. घरात तिने कधी कुणाला कुंडीजवळ उभं केलं नव्हतं. तिला ते लागलं, आणि लागलं म्हणून ती आणखी चिडली. तिने बाहेरच्या खोलीत पेपर अंथरला, कुंडी कवेत उचलून आणली आणि आडवी करून थापटली. मातीचा चिखलगोळा पेपरवर आला. घरभर कुबट वास सुटला. मुळं काळी पडली होती, बोटात धरली की साल निघून हातात यायची.

"धर," ती दादाला म्हणाली.

"मी?"

"धर! बघ हाताने. ही तुझी माया. पेला पेला, उकळून गार केलेली."

दादाने धरलं. त्याची बोटं काळी झाली.

नेमक्या त्याच वेळी बेल वाजली. स्लायडिंगवाला, हातात मापाची टेप. चिखल, पेपर, काळे हात आणि चार माणसं बघून तो उंबऱ्यातच थबकला. "गॅलरीचं माप घ्यायचं होतं ना?"

आत्या पाय पसरून जमिनीवर बसली होती. ती उठली नाही. ती दादाशी बोलली, पण जणू पहिल्यांदाच बोलत होती.

"फुलला तर गॅलरी तुझी, असं म्हणालास ना तू. मी हो म्हणाले, रागाच्या भरात. पण मला सांग, मी या घरात राहते ती काय फुलं येतात म्हणून? गेल्या वर्षी माझा पाय मोडला होता. तेव्हा मी पण फुलले नव्हते. उद्या दुकान सुटेल. तेव्हा माझं माप घ्यायला बोलावणार आहेस का याला?"

स्लायडिंगवाल्याने टेप उगाचच आत ओढली, ती खटकन बसली.

दादाच्या हातात अजून ते मूळ होतं. तो त्याच्याकडे बघत होता. मग स्लायडिंगवाल्याला म्हणाला, "ती गॅलरी बहिणीची आहे. तिला विचारा."

त्या घरात असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. वहिनीने डोळ्याला पदर लावला. आत्याने नाही लावला.

"नाही," तिने स्लायडिंगवाल्याला सांगितलं. "आणि दारात उभे राहू नका. आत या नाहीतर जा. चिखल तुडवू नका."

तो गेला.

"आत्या, मला काच नकोच होती," भाचेसून चाचरत म्हणाली. "मला फक्त लावून घेता येईल असं एक दार हवं होतं."

"मग गॅलरीला काय पडदा आहे? दार आहे. वर छत आहे. टेबल डावीकडे लाव, सावली असते तिकडे. मी संध्याकाळी येते, तोवर तुझं. आणि चहाचा एक थेंब जरी कुंडीत सांडलास ना..."

"नाही सांडणार."

"आणि त्या तुझ्या साहेबाला सांग, धबधबा बंद झाला म्हणून."

मग आत्याने कात्री घेतली. कुजलेली मुळं एकेक करून छाटली, जिथे पांढरं लागलं तिथे थांबली. वरच्या फांद्या ढोपराएवढ्या ठेवल्या. कुंडीचं भोक चिखलाने बुजलं होतं ते सळईने मोकळं केलं, तळाशी खापऱ्या टाकल्या, कोरडी माती भरली. तिचं तोंड सगळा वेळ चालूच होतं. पण या खेपेला प्रत्येक शिवीमागे कारण होतं: हे भोक का, या खापऱ्या का, बोट किती खुपसायचं, ओलं लागलं तर हात मागे का घ्यायचा. तिघंही भोवती उकिडवी बसून ऐकत होती. मधे भाचा झोपेतून उठून आला, डोळे चोळत म्हणाला, "पाणी घालू का?" आणि चौघांनी एकदम त्याच्यावर ओरडून घेतलं.

या वर्षी फुलं यायची नव्हती. झाड जगेल की नाही, हेही आत्याला सांगता येत नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं सांगायची तिला सवय नव्हती. त्या रात्री जेवायला बसली तेव्हा तिच्या नखांत अजून माती होती आणि कपाळावर आठी जशीच्या तशी.

मोगरा गॅलरीच्या कोपऱ्यात, नुसता चार काड्यांचा. दादा हात धुऊन आला तो त्याच्याजवळून, पण हात पाठीशी बांधून.

वहिनीने तांब्या उचलला, पेल्याशी नेला आणि थांबली. आत्याकडे बघत हळूच म्हणाली, "वन्सं, पाणी देऊ?"

"मला दे," आत्या खेकसली. "त्याला नको."